अर्धी ओढलेली काडी

पाहुणचार करणारं माणूस पाहुण्याला दिसता कामा नये, असं नोलीनचं ठाम मत होतं. त्याचा हात जाणवावा, माणूस दिसू नये. चादरीला उन्हाचा वास यावा, किटलीशेजारी दूध-साखर असावी, न्हाणीघरातला दिवा पहिल्याच बटणाला लागावा. आणि हे कोणी केलं, असा प्रश्नही पाहुण्याला पडू नये.

नवरा गेल्यानंतर सहा वर्षं ती डोंगरावरच्या ग्रेट लेकच्या काठावरची लाकडी शॅक सुट्टीसाठी येणाऱ्यांना भाड्याने देत होती. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, समोर तलाव, मागे वाऱ्याने एकाच दिशेला वाकलेली निलगिरीची झाडं. धरणाच्या कामावरून उरलेल्या फळ्यांतून तिच्या वडिलांनी ती स्वतःच्या हातांनी उभारली होती. नोलीन राहायची खाली डेलोरेनला, गाडीने तासाभराच्या अंतरावर. दर सोमवारी वर जायची, झाडलोट करायची, चादरी बदलायची. फ्रिजच्या दारावर बावीस कामांची यादी होती आणि प्रत्येक कामापुढे ती पेन्सिलीने खूण करायची. अठ्ठावीस वर्षं तिने धरणाच्या कचेरीत रोज सकाळी नऊच्या ठोक्याला तलावाची पातळी नोंदवली होती. जे नोंदलं नाही ते झालं नाही, ही त्या नोकरीने लावलेली सवय.

बाविसावं काम वडिलांच्या वेळेपासूनचं. शेवटी निघणाऱ्याने पुढे येणाऱ्यासाठी शेगडी मांडून जायचं. चुरगळलेला कागद, त्यावर ढलप्या, वर एक फोडलेलं लाकूड. आणि बाजूला काडेपेटी, तिच्यातली एक काडी अर्धी बाहेर ओढून ठेवलेली. गारठलेल्या बोटांना काडेपेटी उघडता येत नाही म्हणून. तलावावरच्या सगळ्या जुन्या शॅकमध्ये हा रिवाज होता. शहरातून येणाऱ्यांना तो ठाऊक नसायचा, म्हणून त्यांच्या वतीने तो नोलीनच पाळायची.

एप्रिलमध्ये होबार्टच्या एका जोडप्याने पाहुण्यांच्या वहीत लिहिलं, ‘अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवलीत, किती बरं वाटलं!’ नोलीनने ते दोनदा वाचलं. पिशवी कपाटात असायची, हे खरं. ती सोमवारी भरून ठेवली असती तरी शुक्रवारपर्यंत बर्फासारखी झाली असती. कपाटातली पिशवी सापडली म्हणायचं असेल, असं ठरवून तिने पान उलटलं.

मे महिन्यात बर्नीचा एक मास्तर एकटाच येऊन राहिला. ‘दाराशी ठेवलेली काठी बघून आधी हसू आलं,’ त्याने लिहिलं होतं, ‘दुसऱ्या दिवशी दगडांवर घोटा मुरगळला. ती नसती तर गाडीपर्यंत पोचलो नसतो.’ शॅकमध्ये काठी कधीच नव्हती. आताही नव्हती.

जूनमध्ये एका तरुण बाईचं बारीक अक्षर. ‘उशाशी आल्याची बिस्किटं आणि पलंगाखाली बादली! शनिवारी सकाळी दोन्ही लागलं. दिवस गेल्याचं माझं मला रविवारी कळलं. तुम्हाला आधीच कसं कळलं?’

जुलैमधली, इथल्या ऐन हिवाळ्यातली नोंद मात्र नोलीनने उभ्याने वाचायला सुरुवात केली आणि बसून संपवली. तो माणूस ट्राउट माशांचे गळ बांधायला निवांत जागा हवी म्हणून आला होता. ‘कपाटात इस्त्री केलेला पांढरा शर्ट आणि काळा टाय टांगलेला होता. आधीच्या कोणाचा राहिला असेल असं वाटलं. रविवारी सकाळी भावाचा फोन आला. आता इथूनच सरळ वडिलांच्या अंत्यविधीला निघालोय. शर्ट माझ्या मापाचा होता. तुम्ही कोण आहात मला माहीत नाही, पण देव तुमचं भलं करो.’

वही तिने पिशवीत टाकली आणि घरी नेली. तिथेच चूक झाली, कारण बुधवारी ती ब्रॉनविनच्या हाती लागली.

ब्रॉनविन तिची एकुलती एक मुलगी. बेचाळीस वर्षांची, लॉन्सेस्टनला राहणारी, बोलायला फटकळ. तिने चारही नोंदी वाचल्या आणि वही मिटली.

“आई, हे सगळं तूच केलंस.”

“मी केलं असतं तर यादीत खूण असती.”

“बिस्किटं भाजलीस आणि विसरलीस.”

“भाजली असती तर आठवलं असतं.”

“आजीसुद्धा अगदी हेच म्हणायची,” ब्रॉनविन म्हणाली आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागली.

नोलीनच्या आईची शेवटची चार वर्षं याच घरात गेली होती. तिला वस्तूंची नावं सापडेनाशी झाली तेव्हा नोलीनने पांढऱ्या चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहून घरभर पट्ट्या लावल्या होत्या. कप. साखर. हे दार बाहेर जातं. म्हातारी दिवसातून पंधरा वेळा चहा करायची, म्हणून किटलीवर एक पट्टी होती: ‘चहा झाला आहे. तू प्यायलीस.’ भिंतीवरच्या फोटोंखाली नावं होती. शेवटी शेवटी ती फोटो न बघता पट्ट्याच वाचायची.

“डॉक्टरकडे जाऊन येऊ,” ब्रॉनविन म्हणाली. “आणि काही निघालं तर शॅक बंद, हे घर बंद. तू माझ्याकडे यायचंस. वाद नको.”

डॉक्टरांनी घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. तीसपैकी एकोणतीस गुण मिळाले. एक कोणता गेला, हे नोलीनने विचारून घेतलं. ब्रॉनविनचं समाधान झालं नाही. आजीलाही सुरुवातीला चांगले गुण पडले होते.

मग नोलीननेच उपाय सुचवला. पातळीबद्दल शंका आली की मोजपट्टी दुसऱ्याच्या हातात द्यायची, हा कचेरीतला नियम.

मंगळवारी दोघी मिळून वर गेल्या. ब्रॉनविनने स्वतः झाडलं, स्वतः चादरी घातल्या. शेगडी मात्र मुद्दाम रिकामी ठेवली, राखसुद्धा काढली नाही. काडेपेटी तिने पर्समध्ये टाकली. एक किल्ली तिच्याकडे राहिली, दुसरी शेजारच्या पायबसकडे, शुक्रवारी येणाऱ्या पाहुण्यांना द्यायला.

पायबस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. हिवाळाभर तलावावर राहणारा या काठाचा एकुलता एक माणूस. ब्रॉनविनने त्यालाही फैलावर घेतलं.

“पोरी, मी माझी चादर नाताळला बदलतो, तीही आठवलं तर,” तो म्हणाला. “मी लोकांचे शर्ट इस्त्री करत फिरेन?”

“मग कोणाला येता-जाता बघितलंत?”

त्याने किल्ली खिशात ठेवली, पुन्हा काढून बघितली. “धूर दिसतो अधूनमधून. तुमची गाडी नसते तेव्हा. म्हटलं, नोलीन चालत आली असेल.”

“डेलोरेनहून? चालत?”

“तुझी आई हट्टी आहे ना.”

बर्फ भुरभुरायला लागलं होतं.

पुढचे पाच दिवस नोलीन लॉन्सेस्टनला लेकीच्या नजरेसमोर राहिली. तिला मागची छोटी खोली दिली होती. भिंती फिकट पिवळ्या. तो रंग सात वर्षांपूर्वी कोणासाठी लावला होता, हे दोघींनाही माहीत होतं. चार वेळा प्रयत्न झाले, चार वेळा दवाखान्यातून रिकाम्या हाताने परत यावं लागलं, आणि मग खोलीत शिलाईचं मशीन आलं. त्यावर कोणी कधी बोलत नसे. नोलीन रात्री मशीनवर आपला चष्मा ठेवायची आणि सकाळी उचलायची.

रविवारी जेवणं चालू असताना पाहुण्यांचा फोन आला. ब्रॉनविनने तो मोठ्या आवाजावर टाकला. म्हातारे गृहस्थ होते, आवाज खणखणीत.

“आभार मानायचे होते. शेगडी मांडलेली बघून डोळ्यांत पाणी आलं हो. काडेपेटीतली काडीसुद्धा अर्धी ओढलेली. आमचे वडील अशीच ठेवायचे. आणि ते भिंग! परवा हिचा चष्मा फुटला, दोन दिवस तिने त्यावरच वाचन केलं. कोणाला सुचतं इतकं?”

फोन ठेवल्यावर ब्रॉनविनने पर्स उघडली. काडेपेटी आतच होती. ती काढून तिने टेबलावर ठेवली.

“आई,” ती म्हणाली, “मला माफ कर.”

“बटाटे गार होतायत,” नोलीन म्हणाली. पण त्या रात्री कित्येक महिन्यांनी तिला शांत झोप लागली. शॅकमध्ये कोण होतं हे तिला माहीत नव्हतं. ते ती स्वतः नव्हती, एवढं तिला पुरेसं होतं.

सोमवारी ती एकटीच वर निघाली. ब्रॉनविनला हे पसंत नव्हतं. “मी कामावरून निघून बारापर्यंत पोचते,” किल्ली देत ती म्हणाली. “मी येईपर्यंत गाडीतच बस.”

नोलीन अकराला पोचली. गाडीत बसली नाही. बर्फ थांबलं होतं. तलावावर आणि आभाळात एकच करडा रंग होता, मधली रेघ दिसत नव्हती. पायवाटेवर पाहुण्यांची जाणारी पावलं होती, येणारी कोणाचीच नव्हती.

आत केर काढलेला होता. चादरी ताणून घातलेल्या होत्या, कोपरे तिच्याच पद्धतीने दुमडलेले. शेगडी मांडलेली होती. शेजारी काडेपेटी, एक काडी अर्धी बाहेर.

ती काडी तिने ओढली. आयुष्यभर तिने ती दुसऱ्यांसाठी ठेवली होती, आपल्यासाठी ठेवलेली आज पहिल्यांदा पेटवली. कागद धरला, ढलप्या तडतडल्या. ती खुर्ची ओढून बसली आणि मोठ्याने म्हणाली, “आभारी आहे.” ऊब गुडघ्यांपर्यंत आली. तिने डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा लाकडाचा निखारा झाला होता. ती उठली.

कपाटावर पांढरी चिकटपट्टी होती. ‘कप.’

तिच्या शेजारी दुसरी. ‘साखर.’

दारावर. ‘हे दार बाहेर जातं. कोट घाल.’

अक्षर तिचं नव्हतं. आईचंही नव्हतं. मोठं, सावकाश काढलेलं, वाचणाऱ्याला घाई होऊ नये अशा बेताने लिहिलेलं. किटलीवर पट्टी होती: ‘चहा झाला आहे. तू प्यायलीस.’

“अजून पाणीसुद्धा ठेवलं नाही मी,” नोलीन पुटपुटली.

मग तिला काठी आठवली. काठी मुरगळण्याच्या आदल्या दिवशी आली होती. शर्ट फोनच्या आधी.

मग या पट्ट्या कशाच्या आधी?

भिंतीवर ब्रॉनविनचा शाळेतला फोटो होता. खाली पट्टी: ‘ही ब्रॉनविन, तुझी मुलगी. ओरडते, पण तुला सोडून जाणार नाही.’

फोटोशेजारी नवा खिळा. त्यावर एक रिकामी चौकट, काच लख्ख पुसलेली. तिच्याखाली: ‘ही टिली, तुझी नात. केस तुझ्यासारखे. दर रविवारी येते.’

नोलीन ते पुन्हा पुन्हा वाचत राहिली. घाबरावं की नाही, हे तिला ठरवता येईना.

बाहेर गाडीचा आवाज आला.

तिने नखाने पट्ट्या उकलायला सुरुवात केली. कप. साखर. दार. ब्रॉनविन. टिलीची पट्टी तिने फाटू न देता सोडवली आणि कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवली. रिकामी चौकट राहू दिली.

“गाडीत बस म्हटलं होतं ना?” ब्रॉनविन बूट झटकत आत आली. “आणि चेहरा का असा पांढरा?”

“थंडीने. चहा टाकू?”

“नको गं. कालपासून चहाचा वाससुद्धा नको वाटतो. फोनवरच्या त्या म्हाताऱ्यामुळे पोट ढवळलंय बहुतेक.” तिने फळीवरचा डबा उघडला आणि थांबली. “आल्याची बिस्किटं! हेच खावंसं वाटत होतं सकाळपासून. तू केलीस?”

डबा अजून कोमट होता. ब्रॉनविनने उभ्याउभ्याच दोन बिस्किटं संपवली. तिसरं खाताना तिच्या गालांवर रंग आला. आपल्याला काय झालंय, हे तिला अजून माहीत नव्हतं. नोलीनने तिच्याकडे डोळे भरून बघितलं आणि ठरवलं की सांगायचं नाही. ज्याचं त्याला आपणहून कळू द्यावं. पाहुणचारात हेही येतं.

“हो,” ती म्हणाली. “मीच केली.”

ब्रॉनविन डबा घेऊन शेगडीपाशी बसली. नोलीन स्वतःसाठी चहा करायला वळली. किटलीवरची पट्टी तेवढी राहिली होती. ती काढायला तिने हात लावला आणि मागे घेतला.

किटली तापलेली होती.

मोरीत एक कप होता. धुऊन पालथा घातलेला, कान डावीकडे, नोलीन नेहमी ठेवते तसा. तिने तो उचलला. तो आतून अजून गरम होता, आणि तिच्या जिभेवर साखरेची चव होती.