तळीला तिसरा हात

शेकोटीत कापसाच्या अजून दोन-चार पळाट्या टाका. आणि शिवराज, तो मोबाईल खाली ठेव, नाहीतर उठून घरात जा. गोष्ट सांगा म्हणून तुम्हीच माझ्या मागं लागलात. सायले, तू भिंतीला टेकून बस. उद्या म्हणशील, सांडूतात्यांनी भीती घातली अन् रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

ही ऐकीव गोष्ट नाही बरं का. मी इकडं गंगापूरला शेतावर यायच्या आधी पडेगावात राहायचो, तेव्हा माझ्या भिंतीला भिंत लागून मुंजाबाचं घर होतं. त्याच्या बाबतीत हे घडलं. मार्गशीर्षातली चंपाषष्ठी होती, सोमवारची रात्र. त्या वर्षी थंडी अशी पडली होती की खोबरेल तेलाची बाटली उन्हात धरल्याशिवाय थेंब पडत नव्हता.

मुंजाबा धनगराचा. बाप खंडेराव जन्मभर दौलताबादच्या किल्ल्याखाली मेंढरं वळायचा. भला माणूस होता. लोकर कातरताना कधीतरी कातर लागून उजव्या हाताची करंगळी गेली होती त्याची. तर तो हसून म्हणायचा, "देवानं पाच दिली व्हती, मेंढरानं एक नेली. हिशोब मिटला." मुंजाबानं मात्र मेंढरं विकली आणि ब्लँकेटं विकायला घेतली. पानिपतचा माल. शहरात क्रांती चौकाजवळ फुटपाथवर त्याचा ढीग असायचा, पण खरा धंदा बाहेरगावचा. थंडी पडली की छोटा हत्ती टेम्पो गच्च भरायचा आणि निघायचा. आज धुळं, उद्या मालेगाव, परवा जळगाव. आजूबाजूची माणसं थंडीला शिव्या द्यायची, हा तिची वाट बघायचा.

त्याची बायको रत्नमाला एकदा माझ्या देखत त्याला म्हणाली होती, "साऱ्या जगाला पांघरूण घालताव, अन् आमच्या घरात गारठा." हसत म्हणाली. पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांची अक्षदा तिसरीत होती. शाळेतल्या बाईंनी ऋतू विचारले तर तिनं सांगितलं होतं, उन्हाळा, पावसाळा आणि पप्पा गावाला.

आणि नेमकी थंडीतच चंपाषष्ठी येते. खंडोबाचा सण. त्या दिवशी तळी उचलायची असते. तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. ताटात भंडारा, खोबरं, विड्याची पानं ठेवतात. घरातले गडी ताटाभोवती बसतात, सगळे मिळून ते धरतात आणि येळकोट म्हणत तीनदा उचलतात. हात मात्र विषम माणसांचे लागतात. तिघांचे, पाचांचे, सातांचे. दोघांनी तळी उचलत नाहीत, चौघांनीही नाही. असं का, ते मला विचारू नका. मी काही त्यांच्यातला नाही, कुणबी माणूस आहे मी.

खंडेराव गेला तेव्हापासून दरवर्षी मुंजाबा सणाला बाहेरगावीच. त्याची आई आक्काबाई मग गल्लीतून माणसं गोळा करायची. मुंजाबाचा चुलतभाऊ रामहरी, रामहरीचा मेहुणा आणि तिसरा मी. आम्ही उचलायचो, खोबरं खायचो, घरी यायचो. म्हातारी तोंडानं काही बोलायची नाही. त्या साली मात्र तिचं अंथरूण धरायचं लक्षण दिसत होतं. छातीत कफ घरघरायचा. तिनं मुंजाबाला समोर बसवून सांगितलं, "परक्याच्या हातानं किती साल उचलायची रं तळी? औंदा तुझा हात पायजे. मंग मी मोकळी."

मुंजाबानं देव्हाऱ्यावर हात ठेवून शब्द दिला.

आणि षष्ठीच्या दिवशी गडी चाळीसगावला!

आता त्याला सरळ नालायक म्हणून मोकळं व्हाल तुम्ही. तसा नव्हता तो. आदल्याच दिवशी थंडीची लाट आली, माल हातोहात जायला लागला. वर्षभराचं पोट त्या चार आठवड्यांवर. सकाळी त्यानं फोन केला, "आई, एवढा ढीग हलला की निघतो. दिवसाउजेडी पोचतो."

म्हातारी एवढंच म्हणाली, "ये. मी थांबते."

तिनं स्वतः ताट मांडलं. तांब्याचं जुनं ताट, चिंचेनं घासून लख्ख केलेलं. दुपारी रामहरी म्हणाला, काकू, उचलून घेऊ. तर नाही म्हणाली. मुंजाबा आल्याबिगर कुणी ताटाला हात लावायचा नाही. देव्हाऱ्यासमोर भिंतीला टेकून, खंडेरावाची काळी घोंगडी अंगावर घेऊन बसून राहिली. दिवेलागणीला रत्नमाला तिला चहा द्यायला गेली...

बसल्या जागी गेली होती.

मग काय, घराला सुतक लागलं. सुतकात देवाला शिवत नाहीत, तळी तर लांबच. भावकीतल्या कुणाला हात लावता येईना, म्हणून मला बोलावलं. मांडलेलं ताट मी उचललं, देव्हाऱ्यात ठेवलं, पुढं कापड सोडलं, दार लावलं, कडी घातली. हे नीट ध्यानात ठेवा. ताट मी माझ्या हातानं ठेवलंय. हात धुऊन, कोरडे करून. बुडाला डागसुद्धा नव्हता त्याच्या.

मुंजाबाला कळवायचं कसं, हा प्रश्न होता. तेवढ्यात त्याचाच फोन आला. कन्नडचा घाट चढायला लागलो म्हणाला. रत्नमालानं फोन पुढं केला. रामहरीनं फोन घेतला. घाटात धुकं, माणूस एकटा, अशा वेळी सांगून त्याचं काय व्हायचं? "समदं ठीक हाय. सावकाश ये," म्हणाला. फोन ठेवला आणि भिंतीला डोकं लावून रडला.

आक्काबाईला न्हाऊ घालून आम्ही लेकाची वाट बघत बसलो. अग्नी त्यानंच द्यायचा होता.

इथून पुढचं मुंजाबानं मला सांगितलं ते. दहाव्याला, कायगावला, गोदावरीच्या काठावर. आम्ही दोघंच होतो तेव्हा.

घाट चढून तो वर आला. वेरूळ मागं पडलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दौलताबादच्या अलीकडं त्या जुन्या दगडी वेशीतून रस्ता जातो, ठाऊक आहे ना? एका वेळी एकच गाडी जाते. तिथं त्यानं गाडी हळू केली. धुकं एवढं की दिव्याचा उजेड पुढं जाईना, गाडीपाशीच घुटमळत होता.

वेशीच्या तोंडाशी कुणीतरी उभं होतं.

काळी घोंगडी. अनवाणी पाय. हातात ताट.

त्यानं ब्रेक मारला. आई होती.

"आई? तू इथं कशी?"

"चालत."

"एवढ्या थंडीत? रत्नमाला कुठं हाय? कुणी सोडलं तुला?"

"षष्ठी सरायला आली रं," म्हातारी म्हणाली. "उतर खाली. हात लाव."

त्याला वाटलं, तापाच्या भरात बाहेर पडली असणार. आपली वाट बघून बघून डोक्यावर परिणाम झाला असणार. त्याला रडूच आलं. शिवराज, तुझ्यापेक्षा दुप्पट वयाचा बाप्या, पण घळाघळा रडला. चुकलो म्हणाला. घरी चल, घरी उचलू म्हणाला.

"घरी आता नाय उचलता यायची," ती म्हणाली.

का, ते त्यानं विचारलं नाही. गाडीचे दिवे चालूच होते. आईनं ताट खाली ठेवलं, दगडावर. आजवर तिनं कधी तळीला हात लावला नव्हता. त्या रात्री भंडाऱ्यात बोटं बुडवून ताटाचा एक काठ तिनं धरला. मुंजाबा समोर उकिडवा बसला. त्यानंही भंडाऱ्याला हात लावून कपाळाशी नेला आणि काठ धरला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

"आई... आपुन दोघंच हाव. दोघांनी नसती उचलायची."

म्हातारीनं मान वर केली नाही.

"दोघं कुठं? तिघं हाय आपुन."

...

सायले, घाबरू नकोस. शेकोटी आहे, मी आहे.

ताट जड झालं, म्हणाला. तिसऱ्या बाजूनं कुणीतरी धरल्यावर होतं तसं. आधी जड, मग हलकं. ओल्या लोकरीचा वास आला. मेंढराच्या अंगाचा. लहानपणी बापाच्या कुशीत झोपताना यायचा तो.

त्यानं डाव्या बाजूला बघितलं नाही.

बघावंसं वाटलं. नाही बघितलं.

"येळकोट येळकोट..." आईनं म्हटलं.

ताट वर गेलं. एकदा.

दुसऱ्यांदा.

तिसऱ्यांदा "जय मल्हार" म्हणताना मुंजाबाच्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला. घोगरा. गड्याचा.

मग ताट दगडावर टेकलं.

आईनं भंडारा त्याच्या कपाळाला लावला. बोटं बर्फासारखी. तिच्याही कपाळावर भंडारा होता, कपाळभर. "हात लई गार पडलेत तुझे," तो म्हणाला. "मागं एवढी ब्लँकेटं हायती, एक घे."

"ते इकायचं हाय ना रं," ती म्हणाली. "मला नगं. माझं झालं."

 एवढ्या वर्षांत गाडीतलं एक ब्लँकेट त्यानं आईला दिलं नव्हतं. ती खंडेरावाची घोंगडीच पांघरायची, म्हणून दिलं नव्हतं, दुसरं काही नाही. पण त्याच्या मनाला ते लागलं ते लागलंच.

"चल, गाडीत बस," तो म्हणाला. "घरी जाऊ."

"तू हो फुडं."

"अन् तू?"

"मी येते... ह्यांच्यासंगं."

कळलं का, पोरांनो? आपल्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आक्काबाईनं जन्मात खंडेरावाचं नाव घेतलं नव्हतं. "हे" म्हणायची. ह्यांचं जेवण, ह्यांची घोंगडी, ह्यांची मेंढरं. खंडेराव गेल्यावर तो शब्दही तिनं टाकून दिला होता. इतक्या वर्षांनी मुंजाबानं तो तिच्या तोंडून ऐकला.

तेव्हा त्याला उमगलं.

तो ओरडला नाही, पळाला नाही. मी विचारलं त्याला, भीती नाही वाटली? तर म्हणाला, "तात्या, आई-बापाची कसली भीती? मागं वळून बघितलं असतं तर मी बी त्यांच्यासंगं गेलो असतो, ह्याची वाटली." गाडीत बसला. वेशीतून गाडी काढली. आरसा हातानं दुसरीकडं वळवला.

आम्ही अंगणात शेकोटीशी बसलो होतो. गाडी आली. रामहरी उठला, कसं सांगावं म्हणून शब्द जुळवत होता बिचारा. मुंजाबा उतरला आणि त्यानंच विचारलं, "कव्हा गेली?"

 रत्नमाला दारात आली. तिनं त्याच्या कपाळाकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "सुतकात भंडारा कुठं लावून आलाव?"

तो तसाच आत गेला, आईच्या उशाशी बसला. मग उठून गाडीकडं गेला. होतं त्यातलं चांगल्यातलं ब्लँकेट काढलं, त्याचं प्लास्टिक फाडलं आणि तिच्या अंगावर घातलं. मेलेल्या माणसाला कसलं आलंय ब्लँकेट? पण त्याला कुणी अडवलं नाही. अक्षदा जागी झाली होती, ती येऊन बापाच्या मांडीवर बसली. पप्पा आले, पप्पा आले, करत होती. आम्हा सगळ्यांना भडभडून आलं.

मुंजाबानं हे मला दहाव्याला सांगितलं, तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगतो. वाटलं, थकलेला माणूस, रात्रीची गाडी, धुकं, मनात आईचा शब्द. डोळे भरून आल्यावर माणसाला काय दिसेल सांगता येत नाही. भंडाऱ्याचं म्हणाल तर वाटेत एखाद्या देवळात लावला असेल. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विषय सोडून दिला.

मग सुतक फिटलं. तेराव्याचं जेवण झाल्यावर त्यानं मला बोलावलं. "तात्या, कडी तुमी घातली, तुमीच काढा."

मी कडी काढली. कापड सारलं. देव जागच्या जागी, ताट जागच्या जागी. खोबऱ्याला मुंगीसुद्धा लागली नव्हती. ताट बाहेर काढावं म्हणून उचललं, तर बुडाशी हाताला काहीतरी खरखरीत लागलं. मी भंडारा परातीत काढला. ताट उलटं केलं. उजेडात धरलं.

मुंजाबा माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

घासलेल्या तांब्यावर पिवळी बोटं उमटली होती. वाळलेली. ताट खालून धरल्यावर उमटतात तशी.

एका बाजूला चार. जाड, गड्याची. मुंजाबानं आपली बोटं त्यावर ठेवून बघितली. बरोबर बसली.

समोरच्या बाजूला चार. बारीक, म्हातारीची.

आणि तिसऱ्या बाजूला...

तिसऱ्या बाजूला तीनच होती. करंगळीची जागा कोरी होती.