पुढची सीट

कापड आणायला जायचं होतं पोरी, एवढंच. माझा लेक गाड्यांच्या सीटा शिवायचा, आणि त्याला लागणारं रेक्झीन नि फोम शेजारच्या शहरात मिळायचं. जायला दोन रस्ते. एक मोठा, सरळसोट, ट्रकांचा. दुसरा जुना, तळ्याच्या कडेकडेनं डोंगर चढून उतरणारा. वेळ दुप्पट, पण बघत राहावं असा. लेक नेहमी मोठ्या रस्त्यानंच जायचा. त्या वर्षी त्याची बायको हट्टाला पेटली.

“एकदा तरी मला तळ्याच्या रस्त्यानं न्या. लग्न होऊन आले तशी दुकान आणि चूल यापलीकडे काही बघितलं नाही मी. आईंनाही घेऊ बरोबर.”

ही त्याची दुसरी बायको. पहिलीला आम्ही चिमणी म्हणायचो, होतीच तेवढीशी. तापाचं निमित्त झालं आणि गेली. दुसरी आली ती चांगली उंच, दारातून वाकून येणारी. हसली की घर भरून जायचं. सगळे तिला ‘नवी’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर गेलंच. नवी म्हटलं की जुनी कोणीतरी आलीच ना? तेच तिला डाचायचं. चिमणीचा फोटो ती रोज स्वतः पुसायची, कोणी सांगायला लागायचं नाही. पण पुसताना असा जोर लावायची, जणू काचेवरचा नाही, काचेमागचाच डाग काढायचाय.

जेवणं झाली आणि लेक टेबलावर रस्ता मांडायला बसला. ताटली मधोमध ठेवली. “हे तळं.” चमचा आडवा टाकला. “हा जुना पूल. इथे गाडी थांबवायची आणि पायी पलीकडे जाऊन यायचं. पुढे चहाची टपरी.” मग वाटी पालथी घातली. “आणि हे डोंगराचं टोक. इथून दोन्ही शहरं दिसतात, एक या हाताला, एक त्या हाताला.”

“अय्या, तुम्ही तर सगळं ठरवूनच बसलाय!” नवी टाळ्या पिटायचीच बाकी राहिली.

मी भांडी उचलत होते, माझा हात जागीच थांबला. तुला सांगते पोरी, मला अक्षर कळत नाही, चिमणीलाही कळायचं नाही. नकाशा बघून तिला गरगरायचं, म्हणून ती असाच रस्ता मांडायची. तीच ताटली, तोच आडवा चमचा, तीच पालथी वाटी. दर वर्षी मांडायची आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. जायचं राहूनच गेलं बिचारीचं.

नवी आत गेल्यावर मी हळूच म्हटलं, “अरे, हे तर तिचं...”

“आई, रस्त्यावर काय कुणाचं नाव लिहिलेलं असतं?” असं म्हणाला खरा, पण कान लाल झाले होते त्याचे.

निघालो तेव्हा ऊन छान पडलं होतं. नवीनं पुढची सीट खटका ओढून पार मागे सरकवली, तिचे पाय लांब ना. मागे माझे गुडघे दाबले गेले.

“आई, तुम्हाला चेपलं का हो?”

“चेपू दे. सुनेच्या राज्यात सासूनं आणखी काय व्हायचं?”

दोघं हसली. सीटच्या वर तिचा अंबाडा मला दिसत होता, गाडीबरोबर डुलत होता.

पुलावर उतरलो, चाललो, परत आलो. दार उघडलं तर सीट पुढे. अगदी पुढे, समोरच्या फळीला टेकायची बाकी. एखादं पोर बसेल तेवढीच जागा.

“कोणी ओढली ही?” नवीनं विचारलं.

“खटका ढिला झाला असेल,” लेक म्हणाला. पण सीटखालचे रूळ त्यानं स्वतः नुकतेच बदलले होते. त्याच्या हातचं काम ढिलं होत नाही.

टपरीवर चहा प्यायलो, परत आलो. सीट पुन्हा पुढे. नवीनं माझ्याकडे बघितलं.

“आई, तुम्ही तर नाही ना...?”

“मी तुझ्या शेजारी चहा फुंकत होते की गं.”

या वेळी कोणी हसलं नाही. तिनं सीट मागे ढकलली, ती इतक्या जोरात की माझ्या गुडघ्यातून कळ गेली.

वर चढत गेलो तसं तळ्यावरून धुकं यायला लागलं. आधी रस्त्याची कड गेली, मग झाडं. काचा लावल्या तरी गाडीत ओल शिरली, आणि तिच्याबरोबर एक वास. गोडसर, घामट. ताप उतरताना माणसाच्या अंगाला येतो तसा. मी ओळखला. मी चिमणीच्या उशाशी बसून काढलेल्या रात्री विसरले नव्हते.

टोकावर गाडी थांबली. धुक्यात दोन शहरं सोडाच, समोरचा दगड दिसेना. लेक आपल्याच नादात म्हणाला, “तरी ती म्हणायची, सकाळी लवकर निघायला हवं, नाहीतर...”



“ती?” नवी म्हणाली.

तो समोरची काच पुसायला लागला.

“म्हणजे हा रस्ता तिचा. पूल तिचा, टपरी तिची.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “तिला फिरवून आणताय तुम्ही. मी आपली सीट भरायला आलेय.”

“असं नाही गं...”

तिनं रागानं सीटची कड मुठीत धरली. राखाडी खोळ शिवणीपाशी जराशी उचकटली, आणि आतून फुलाफुलांचं कापड दिसलं. लाल फुलं. ती आतली खोळ चिमणीनं निवडली होती, तिच्या सीटसाठी.

आता बघ, गिऱ्हाइकाला माझा लेक असं काम जन्मात करून द्यायचा नाही. जुनी खोळ सोलून काढल्याशिवाय नवी चढवायची नाही, नाहीतर शिवण बसत नाही, असं कारागिरांना ओरडून सांगायचा. आणि स्वतःच्या गाडीत त्यानं जुनीवरच नवी चढवली होती.

नवीला ते क्षणात कळलं. कप्प्यातलं त्याचं कापायचं पातं तिनं काढलं, खाली उतरली आणि राखाडी खोळ वरून खालपर्यंत फाडत नेली. लेक हात धरायला गेला, मी त्याला मागे ओढलं. म्हटलं, करू दे, निघू दे पोटातलं.

सगळी लाल फुलं उघडी पडली. आणि बघते तर सीट पुन्हा पुढे गेलेली. नवी दारात उभी, धापा टाकत, त्या रिकाम्या सीटशी बोलायला लागली.

“ऊठ. ऊठ तिथून. तुझं होतं ते सगळं आता माझं आहे. हा नवरा माझा, हे घर माझं, ही खोळसुद्धा माझी. ऐकलंस? सगळं... सगळं मला हवंय.”

कट्ट... खटका वाजला. कोणी हात लावला नव्हता. आणि सीट सावकाश मागे सरकली. एखादी बसलेली बाई उठून जागा करून देते ना, तशी.

नवी हसली. जिंकल्यासारखी हसली आणि त्या लाल फुलांवर जाऊन बसली.

“चला,” म्हणाली.

उताराला लागलो. वास गेला होता. धुकंही विरलं, तळं खाली चांदीसारखं पसरलं होतं. मी पुढे बघितलं, तर सीटच्या वर तिचा अंबाडा नव्हता. सीटची पाठच दिसत होती नुसती. झोप लागली असेल, घसरली असेल, म्हटलं.

शहरात कापड घेतलं. ती लेकाच्या दंडाला धरून दुकानादुकानांतून फिरली. येताना मोठ्या रस्त्यानं आलो. घरी आल्यावर फोटो पुसायचं तिला आठवलं नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, मनातलं किल्मिष गेलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले. नवी पाठमोरी उभी होती. वरच्या फळीवर चहाचा डबा असायचा. ती एरवी तो बोलता बोलता, न बघता काढायची. आता टाचा उचलून, हात ताणून उभी होती. बोटं फळीपासून वीतभर खाली. मी तिच्या पायांकडे बघितलं. गुडघे ताठ होते. पाठही ताठ होती.

“आई,” ती मागे न वळता म्हणाली, “माझं स्टूल कुठे ठेवलंत?”

आमच्या घरात स्टूल नव्हतं. एक होतं, निळं, चिमणीचं. ती गेल्यावर मी ते शेजारणीला देऊन टाकलं होतं, नवीचं स्थळ यायच्याही आधी. 

तेवढ्यात आतल्या खोलीतून लेकाचा आवाज आला. चिमणी गेल्यापासून इतका मोकळा आवाज मी ऐकला नव्हता.

“थांब गं, आणतो.”

आणि तो चपला न घालताच शेजारी गेला. कुठलं स्टूल, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.