अडुळशाचे खत

पंखाच्या कडेला एक करडी रेघ होती. वसुधा पेठे सूक्ष्मदर्शकातून ती पुन्हा न्याहाळत होत्या. चिलटाच्या पंखावर अशी रेघ नसते. ही कॅडमियमची होती आणि ती उमटावी म्हणूनच त्यांनी ही जात घडवली होती.

सावळी नदीच्या विषारी गाळात या चिलटाची 'धातुग्राही' अळी वाढे, धातू अंगात साठवी आणि पंख फुटले की तो घेऊन उडून जाई. नदी निवळली. मुले पुन्हा डुंबू लागली. घाटावर चमचमणाऱ्या थव्यांना गावाने लाडाने 'चांदणकिडे' म्हटले. अळीला लागणारे पोषकद्रव्य प्रयोगशाळाच नदीत सोडत असे. ते थांबले तर अळ्या मरणार आणि धातू पुन्हा गाळात जाणार.

"उडून जाते म्हणजे कुठे जाते?" विषशास्त्रज्ञ नजमा मुजावर बरेच दिवस विचारत होत्या. मेलेल्या चिलटांची भुकटी श्वासात जाते, मुले खोकतात, पोषकद्रव्य थांबवा, असा त्यांचा आग्रह होता. भुकटीतला धातू नगण्य आहे, असे सांगून वसुधा निर्णय पुढे ढकलत. आज नजमांनी मुलांच्या रक्ताचे अहवाल आणले. हवेतून जाईल त्याहून कितीतरी जास्त धातू होता. तोही मुलांना सर्वाधिक जपणाऱ्या घरांत.

"ओवी तुमच्या नणंदेचीच नात ना?" अहवालातल्या एका नावावर बोट ठेवून नजमांनी हळूच विचारले.

वसुधा तडक घाटावर नणंदेच्या घरी गेल्या. कमलवन्सं अंगणातले मेलेले चांदणकिडे झाडून अडुळशाच्या बुंध्याशी लोटत होत्या.

"या, शास्त्रज्ञीणबाई. वाट चुकलात?" त्या हसल्या. "तुझ्या किड्यांचं खत बघ. अडुळसा कसा माजलाय."

आत ओवी खोकत होती. वन्संनी काढ्यासाठी पाने खुडली. आळीतली सगळी घरे इथलीच पाने नेतात, म्हणाल्या; खोकला हटेना म्हणून त्यांनी काढा वाढवला होता. पलीकडच्या मळेवाल्यांनी तर हे खत पोती भरभरून नेले होते.

वसुधांनी त्यांच्या हातातली पाने काढून घेतली.

"अगं, पोरीचं औषध आहे ते."

"नाही, वन्सं. नदीतलंच आहे ते सगळं, किड्यांतून पानांत आलेलं."

ओवी दारात आली. पोहायला कधी न्यायचं, तिने विचारले. तिला जवळ घेऊन वसुधांनी फोन लावला.

"नजमा, पोषकद्रव्य आजच बंद करा. नदीला तिचं विष परत घेऊ दे."