साडेतेरा मात्रांच्या कळा

त्या काळात एका मैफलीला हजार माणसं जमली, की हजार मैफली होत. शेजारी बसलेले नवरा-बायको एकाच गाण्यावर माना डोलवत. पण त्याच्या कानात ते संथ असे आणि तिच्या कानात उडतं. घरी जाताना दोघंही म्हणत, "काय गायली!" आणि दोघंही खरंच बोलत असत.

ही किमया कानमण्याची. ज्वारीच्या दाण्याएवढा मणी, शाळेत नाव घालतानाच तो कानात बसवायचा. माणसाचा मेंदू ऐकता ऐकता पुढचा सूर कोणता येणार याचा सतत अंदाज बांधत असतो. अंदाज बरोबर आला की सुखावतो, चुकला की दचकतो. कानाच्या कातडीवरून मेंदूचे क्षीण विद्युतस्पंद टिपून कानमणी तो अंदाज आधीच ओळखे आणि येणारा आवाज तिकडे वाकवून देई. कुणाला किती दचकणं सोसेल, याची प्रत्येकाची एक मर्यादा असे. तिला सुखरेघ म्हणत. रिक्षाचा हॉर्न, सासूचा टोमणा, लेकराचं रडणं, सगळं सुखरेघेच्या आत. लोक आनंदात होते. खोटं कशाला बोलायचं?

सांगलीच्या शलाका बिरनाळेला मात्र ही रेघ ओलांडायची होती. लेकीच्या, जाईच्या बाळंतपणात कळा सुरू झाल्यावर तिनं वैतागून कानमणी उपसला, भिंतीवर भिरकावला आणि पुढचं सगळं उघड्या कानांनी ऐकलं. स्वतःचा हंबरडा, दोन कळांमधली आखूड होत जाणारी शांतता आणि शेवटी ते चिरकं, संतापलेलं, ओलं रडणं. इतकं बेसूर आणि इतकं आपलं तिनं जन्मात काही ऐकलं नव्हतं.

पुढे जाईचा डोळा लागला, की ती गिटार मांडीवर घेई. कधी दोन ओळी होत, कधी पहिल्या सुरालाच लेक जागी होई. त्यातून 'कळा' उभं राहिलं. अर्ध्या तासाला टेकणारं, साडेतेरा मात्रांचं, प्रत्येक आवर्तनाला थोडं आखूड होत जाणारं. लांबलचक गाणी, तिरके ताल, मध्येच नवं वळण घेणारी रचना, असल्या हट्टी संगीताला पूर्वी प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणत. आता कुणी काहीच म्हणत नसे, कारण कुणी करत नसे.

ड्रमवर इरफान मुजावर, कीबोर्डवर सुदर्शन आवटी. जागा म्हणजे हळदीचं रिकामं गोदाम. घामावर पिवळी भुकटी चिकटायची. नियम एकच: आत शिरताना कानमणी काढून ठेवायचा. मग तिघं हेडफोन चढवत आणि वाजवत. दोन वर्षांत एकदाही वाद झाला नाही. आवर्तन संपलं की तिघं एकमेकांकडे बघून हसत.

"असलं जमलेलं मी आयुष्यात वाजवलं नाही," सुदर्शन म्हणे.

अल्बम पुरा झाला, तेव्हा शलाकानं त्यावर 'अस्पर्श' शिक्का मागितला. तो असला की कानमण्याला आवाज वाकवायची मनाई. असला शिक्का क्वचितच कुणी मागे, म्हणून तपासणीला कानमण्यांच्या प्रयोगशाळेतून डॉक्टर केतकी सोहोनी स्वतः आल्या. त्यांनी गोदामातल्या टेबलावर साधा उघडा स्पीकर ठेवला आणि 'कळा' लावलं.

भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज झाला. ड्रम एकीकडे, कीबोर्ड दुसरीकडे, आणि मध्ये शलाकाचा आवाज वाट चुकलेला.

"हे आमचं नाही," इरफान म्हणाला.

"तुमचंच आहे. वाजवताना हेडफोन कुठले होते?"

"स्टुडिओचे. भारीतले."

डॉक्टर हळूच म्हणाल्या, "त्यात कानमणीच असतो हो. दोन्ही बाजूंना."

सुदर्शननं गळ्यातले हेडफोन काढून उलटसुलट करून पाहिले.

"इरफान यांच्या मेंदूला चौदा मात्रा बऱ्या वाटत होत्या, त्यांना चौदा मिळाल्या. आवटींना बारा. प्रत्येकानं आपल्या सुखाला साथ दिली."

"आणि मला?" शलाकानं विचारलं.

"तुम्हाला तुमच्या कळा ऐकू येत होत्या. तुम्हाला एकटीलाच."

इरफाननं कपाळावर हात मारला. "तीन वाजवणारे, एक खोली, दोन वर्षं, आणि भांडण नाही! तेव्हाच संशय यायला पाहिजे होता, आयला!"

"एवढं मनाला लावून घेऊ नका," डॉक्टर म्हणाल्या. "शिक्का सोडा आणि आहे तसंच बाहेर काढा. मणी सांभाळून घेतील. लोकांना फार आवडेल, मी लिहून देते."

"आणि कळा?"

"गोड लागतील."

"मग नको," शलाका म्हणाली.

"शलाके, जरा दमानं घे," सुदर्शन कळवळला. "कुणीतरी ऐकेल तरी!"

"दोन वर्षं तू काय ऐकलंस, सुदर्शन? ते त्यांना ऐकवायचं?"

त्यावर त्यानं हातातले हेडफोन पोत्यावर टाकले.

दुसऱ्यांदा ते उघड्या कानांनी, गोल बसून, मधोमध एकच माइक ठेवून वाजवायला लागले. पहिल्याच दिवशी जुंपली.

"तू घाई करतेस!"

"कळ घाई करते, मी नाही!"

"मग कळेला सांग, मला चारच हातपाय आहेत!"

इरफान दोनदा घरी निघून गेला, दोनदा आपणच परत आला. एका चांगल्या जमलेल्या वाजवण्यात पोत्यांवर झोपलेली जाई उठून भोकाड पसरून रडली. कुणी थांबलं नाही. ते रडणं तसंच ठेवलं.

अल्बम शिक्क्यासह निघाला आणि लोकांनी तो धुऊन काढला. 'कानांवरचा अत्याचार' असं एकानं लिहिलं. 'या बाईंना लोकांचं सुख बघवत नाही का?' असं दुसऱ्यानं. मग शलाकानं गोदामातच प्रयोग लावला. अट तीच, मणी दाराबाहेर.

निम्मे लोक भांडायलाच आले होते. 'कळा' सुरू झालं, तसे ते दचकले, आणि मग त्याहून जास्त दचकले, कारण शेजारचाही त्याच क्षणी दचकला होता. असं त्यांना कधी झालं नव्हतं. खुर्च्या सरकू लागल्या. एक गृहस्थ उभे राहून ओरडले, "बाई, आम्ही तुमचं काय वाईट केलंय?"

"काही नाही," शलाका माइकमध्ये म्हणाली. "बसा."

ते गेले. बरेच गेले. उरलेल्यांसमोर तिघांनी शेवटच्या, सगळ्यात आखूड आवर्तनापर्यंत वाजवलं. मधला बाळंतपणातला हंबरडाही शलाकानं तसाच फोडला.

टाळ्या झाल्या नाहीत. मधल्या रांगेतली एक बाई उठली. रेणुका पाटोळे, असं तिनं नाव सांगितलं. वय शलाकाएवढंच.

"तो मधला आवाज... बाळंत होताना बाई असं ओरडते?"

"ओरडते."

"मी नव्हते ओरडले. माझ्या चांगलं लक्षात आहे. मी गात होते. गोड गात होते मी."

कुणी हसलं नाही. कोपऱ्यात प्रयोगशाळेचा बिल्ला लावून डॉक्टर सोहोनी बसल्या होत्या. रेणुका त्यांच्याकडे वळली.

"आणि माझा मुलगा? जन्मल्या जन्मल्या तो पाखरासारखा किलबिलला. मी सगळ्यांना हेच सांगते."

तिनं डॉक्टरांकडे दोन पावलं टाकली.

"तो खरा कसा रडला, ते कुठे ठेवलंय तुम्ही?"

"कुठेच नाही, ताई. मणी आवाज ठेवत नाही. वाकवतो फक्त."

 रेणुका परत जागेवर जाऊन बसली, पदर तोंडाशी धरला आणि शलाकाकडे बघून म्हणाली, "पुन्हा वाजवा."

शलाकानं बोटं तारांवर ठेवली.

"इरफान, पहिल्या कळेपासून. आणि जोरात."