ओले पडदे, पचमढीपर्यंत

मोटारहोमची मागची चाकं थेट देवश्रीच्या वाळत घातलेल्या पडद्यांवर चढली आणि भैरवगढच्या नदीकाठी एकच आवाज घुमला —

"ओ भैया! आँखें घर पर छोड़ आए क्या?"

खिडकीतून दाढीवाला चेहरा डोकावला. "घरच बरोबर आणलंय, बाई. डोळे त्यातच असतील."

"मराठी? मग तर दुप्पट ओरडते!"

हा यशोधन. पक्ष्यांचे फोटो काढत बारा महिने त्या गाडीतच राहणारा. आणि देवश्री म्हणजे ठशांच्या छपाईचा कारखाना एकटीनं उभा करणारी, कुणाचं ऐकून न घेणारी. सोळा पडदे उद्या सकाळी पचमढीच्या गेस्ट हाउसात लागायचे होते. चिखल धुतला, पण ओल्या छापील कापडाची घडी कशी करणार? एकाचा रंग दुसऱ्याला फासायचा.

"गाडीत दोऱ्या बांधा. पडदे लटकत येतील, मी आणि माझी आत्या बसून."

"पण मी मांडूला निघालो होतो..."

"निघाला होतात. आता पचमढी."

तो बिचारा हसला अन् दोऱ्या शोधू लागला.

पिपरिया मागे पडलं, सातपुड्याची वळणं सुरू झाली. खिडक्यांतून सागाच्या रानाचा वारा आला, तशी गाडीभर पडद्यांवरची लाल-निळी बुट्टी डोलू लागली. एका वळणाला पडद्याचं टोक देवश्रीच्या गालाला चिकटलं. यशोधननं एका बोटानं ते अलगद बाजूला केलं... आणि बोट जरा उशिरानंच स्टिअरिंगवर परत गेलं.

मागून, पडद्यांआडून कुसुमआत्या बोलली, "तीन स्थळं परत पाठवली हिनं. तिघांचं एकच म्हणणं, लग्नानंतर कारखाना बंद."

"आत्या, झोप ना गं!"

"डोळे मिटलेत, बाई. जीभ नाही."

यशोधननं गिअर बदलला. "चौथ्यानं काय म्हणावं?"

"चौथ्यानं रस्त्याकडे बघावं!"

असं म्हणाली खरी, पण पुढची चार वळणं तिचीच नजर रस्त्यावर ठरेना.

पचमढी शांत होती. लाल कौलं, धुक्यात बुडालेला बाजार, कुठे हॉर्न नाही. पडदे लागले, मालक खूश झाला. ओसरीवर ती दोघंच उरली.

"इथून पुढे डोंगरच डोंगर आहेत," यशोधन म्हणाला. "याल... माझ्याबरोबर? कायमच्या?"

हो म्हणायला देवश्रीची जीभ शिवशिवत होती. आणि तरी —

"म्हणजे कारखाना सोडून?"

"तसं नाही म्हणालो मी..."

"म्हणाला नाहीत. अर्थ तोच निघाला."

ती वळली, दोन पायऱ्या उतरली. चौथाही गेला, असं मनात आलं. पण गिळून बसणाऱ्यांतली ती नव्हे. मागे फिरली, त्याच्यासमोर उभी राहिली.

"ऐका. तुम्ही मला आवडलात, लपवायचं काय त्यात? पण माझ्या कारखान्याला चाकं नाहीत. तुमच्या घराला आहेत."

यशोधन तिच्याकडे बघतच राहिला. मग हळूच हसला. इतकी सोपी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही, तसा. खिशातून गाडीची किल्ली काढून त्यानं तिच्यापुढे धरली.

"जिथे म्हणाल तिथे उभं करतो घर."

"किल्ली ठेवा तुमच्याकडेच," देवश्री म्हणाली. "मला गाडी कुठे येते? हात द्या."