आधीच वापरलेला कोड

"माह्या पोराले सगळ्या बाजारासमोर चोर म्हटलं, बाई."

कोकिळाबाईंनी एवढंच सांगितलं आणि पदर तोंडाला लावला. खासगी तपासनीस समीक्षा ढोले वर्ध्यातल्या आपल्या छोट्या ऑफिसात वही उघडून बसली. तिचे मदतनीस, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर अण्णाजी यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

हळूहळू सगळं कळलं. कोकिळाबाईंचा मुलगा चंदन देवळीला भैय्याजींच्या कम्प्युटरच्या दुकानात सात वर्षं कामाला होता. रविवारी रूपाली नावाच्या नर्सने तिथून गेमचा बॉक्स घेतला. तिची धाकटी बहीण मयुरी पाय मोडून तिच्याच घरी पडून होती, तिच्या वाढदिवसासाठी. सोमवारी मयुरीने बॉक्समधल्या कार्डावरचा कोड इंटरनेटवरच्या गेम सेवेत टाकला. उत्तर आलं : हा कोड दुसऱ्या खात्यात आधीच वापरला गेला आहे. असा कोड एकदाच चालतो. तो नसेल तर आतली डिस्क नुसती तबकडी.

चंदननेच कोड चोरला असं ठरवून भैय्याजींनी त्याला कामावरून काढलं. बातमी मुलीच्या गावी, कारंजाला पोचली आणि त्याचं जमलेलं लग्न थांबलं.

"तीन दिवस झाले, पोरगं जेवून नाई राह्यलं," कोकिळाबाई म्हणाल्या.

देवळीत भैय्याजींनी एक छापील कागद काउंटरवर ठेवला.

"रूपालीबाईले आलेलं कंपनीचं उत्तर. खातं कोणाचं ते सांगत नाईत, पण वेळ दिली हाय."

अण्णाजींनी चष्मा लावून वाचलं. "रविवार, सात वाजून दहा, यूटीसी."

"सकाळी सात दहा! तवा चंदन एकटा दुकान झाडून राह्यला होता. किल्ली त्याच्याचजवळ. बॉक्सवर प्लास्टिक परत चढवाची मशीनही इथंच हाय."

"बिल किती वाजताचं?" समीक्षाने विचारलं.

"अकरा पाच."

"वरचा रंगीत कागद?"

"चंदननंच लावला, माह्यासमोर. ही चकचकीत टेप मारून."

"तुम्ही त्याला एकदा विचारलं?"

"इचाराचं काय? वेळच सांगून राह्यली ना!"

रूपालीचं घर चार गल्ल्या पलीकडे होतं. "पार्सल आतल्या खोलीत अलमारीवर ठेवलं अन् बाराच्या बसनं सेवाग्रामले ड्यूटीवर गेली," ती म्हणाली. "रात्री आली."

मयुरी खाटेवर होती. उशाशी स्टुलावर गोळ्या, कापूस आणि जखमेला लावायच्या पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ.

"मी तं इथून हलत नाई," ती म्हणाली. "हा पाहा कागद. सुंदर होता म्हणून ठेवला. तो काढला की सरळ डबाच हाती आला."

समीक्षाने कागद उलगडला. दोन घड्यांवर चकचकीत टेप होती. तिसरीवर पांढरी, खरबरीत पट्टी.

रूपालीचा नवरा निकेश दारात उभा होता. "रविवारी सातले मी चौकात पोहे आणाले गेलतो. पोहेवाल्याले इचारा."

"आणि दुपारी?"

"घरीच. मयुरीजवळ कोणी पाह्यजे ना."

"तुम्हीही गेम खेळता?"

"लहानपणापासून. तवा बरं होतं. एक सीडी आणली की सगळा मोहल्ला खेळे."

पोहेवाल्याने निकेशच्या बोलण्याला दुजोरा दिला. "म्हणजे चंदनच," अण्णाजी खिन्नपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी देवळीचा बाजार होता. समीक्षाने सगळ्यांना दुकानात बोलावलं. मयुरी तेवढी घरी होती. चंदन आईमागे, खाली बघत उभा राहिला.

"भैय्याजी, यूटीसी म्हणजे काय?"

"कंपनीचं नाव असंल."

"नाही. ते साऱ्या जगासाठी ठरवलेलं घड्याळ. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे चालतं. त्यांचे सात दहा म्हणजे आपले?"

अण्णाजींनी बोटं मोजली आणि थबकले. "बारा चाळीस! दुपारचे!"

"बिल अकरा पाचचं. म्हणजे कोड वापरला तेव्हा बॉक्स दुकानात नव्हताच, रूपालीताईंच्या अलमारीवर होता. रंगीत कागद एकदा उघडून पुन्हा चिकटवलाय, तोही मयुरीच्या उशाच्या पट्टीने. आतलं प्लास्टिकही गेलेलं. रूपालीताई बसमध्ये होत्या. मयुरीचा पाय प्लास्टरमध्ये, तिचा हात अलमारीवर पोचत नाही. राहिलं कोण?"

रूपालीने सावकाश नवऱ्याकडे पाहिलं.

"निकेशभाऊ, तुमचं खातं इथेच उघडून दाखवा," समीक्षा म्हणाली. "तो गेम त्यात नसेल, तर मी सगळ्यांसमोर माफी मागते."

निकेशने मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला. "मले वाटलं, सीडीसारखंच असंल," तो शेवटी म्हणाला. "एक डाव खेळून काढून टाकू, मंग मयुरीले चालंल. चोरी नवती कराची."

"ती चूक होती. पण चंदनला बाजारासमोर हाकललं, ते तुम्हाला कळलं होतं ना?"

"सोमवारीच."

"मग?"

रूपाली उठून बाहेर गेली.

भैय्याजींनी ड्रॉवरमधून किल्ली काढून चंदनपुढे धरली. "उद्यापासून ये, बाबू."

चंदनने हात पुढे केला नाही. पहिल्यांदाच त्याने मान वर केली.

"सात वर्षं झाली, भैय्याजी. एक डाव मले इचारलं असतं तं मी सांगतलं असतं, मी नाई केलं. तुम्ही बाजाराले सांगतलं. आता कारंजाले माह्यासंगं चला अन् त्या लोकायले तुमच्या तोंडानं सांगा."

बाहेर गर्दी होती. दोन गिऱ्हाइकं पायरीवर थांबलेली. भैय्याजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी टोपी नीट केली, चपला घातल्या आणि भर बाजारात शटर खाली ओढलं.

"कोकिळाबाई, तुम्हीही चला," ते म्हणाले. "पोरीच्या बापासमोर तुमचीही माफी मांगतो."