खालचा हात

डॉक्टर तपासून जाईपर्यंत पोटदुखीला गोळी-इंजेक्शन काही द्यायचं नाही, हे प्रेमला सिस्टरला पाठ होतं. तोवर पेशंटचे गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झोपवायचं, पोटावर हलका हात ठेवायचा आणि त्याच्याबरोबर श्वास मोजायचे. जाफराबादच्या अलीकडच्या त्या लहानशा दवाखान्यात डॉक्टर यायला दोन-दोन तास लागत. एवढा वेळ हात ठेवून कोण बसणार? ड्युटीवर आल्याआल्या ती सगळ्यांच्या कागदावर एकदमच लिहून टाकायची : 'कुशीवर झोपवले. पोटावर हात ठेवला. श्वास मोजले.'

आशाबाईच्या कागदावरही तेच लिहिलं होतं. आशाबाई तीन नंबरच्या खाटेवर तळमळत होती आणि प्रेमला पंख्याखाली मोबाइल बघत बसली होती. जालन्याला हलवल्यावर चौथ्या दिवशी म्हातारी गेली.

महिन्याने तिची लेक छकुली राजूरच्या गणपतीच्या प्रसादाचे पेढे घेऊन आली.

"माय शेवटपर्यंत तुमचंच नाव घेत व्हती. म्हणे, सिस्टरनं दोन घंटे पोटावरचा हात काढला न्हाई."

प्रेमलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "न्हाई गं, मी..." एवढंच तोंडून निघालं. पेढा मात्र तिने खाल्ला. त्याचीच तिला नंतर जास्त लाज वाटली.

मग सर्जेराव आला, मग पुष्पाबाई. दोघंही तीन नंबरला. दोघंही घरी जाताना म्हणाली, तुमच्या हाताला गुण आहे. प्रेमला त्यांच्या जवळही फिरकली नव्हती.

"हात... कसा होता?" तिने पुष्पाबाईला चाचरत विचारलं.

"आसं काय इचारता बाई? तुमचाच की. ही अंगठी जरा टोचत व्हती, बस."

त्या दिवशी प्रेमलाने अंगठी काढून घरी डबीत ठेवली. आधीच लिहून ठेवणंही सोडलं.

चार दिवसांनी भरदुपारी भुजंगला आणलं, सोयाबीनच्या मळणीवरून, पोट धरून वाकलेला. तीन नंबरचीच खाट रिकामी होती. तिने त्याला कुशीवर झोपवलं, गुडघे वर घेतले, स्टूल ओढलं. एकदा तरी तिला हे खरं करायचं होतं.

तिने हात ठेवला.

तळव्याला काहीतरी टोचलं. सदऱ्यावर काहीच नव्हतं.

"श्वास घ्या, दादा. एक... दोन..."

भुजंगचा श्वास तिच्या मोजण्याला जुळेना. तो वेगळ्याच लयीत, सावकाश चालला होता.

त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. डोळे मिटलेलेच होते.

"सिस्टर," तो म्हणाला, "वरचा हात काढा. खालचाच राहू द्या."